कर्तरी प्रयोग

शनिवारच्या मराठी वर्गात, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये,
हीटर बंद म्हणून कोट न काढता
मी फळ्यावर लिहिलं : जागा गेली.
कर्ता कोण?
नऊ वर्षांची मृण्मयी म्हणाली, "जागा, बाई."
बरोबर.
पूर्ण गुण दिले तिला आणि खडू खाली ठेवला.

ते वाक्य माझंच होतं.
वुल्व्हरहॅम्प्टन, चौऱ्याण्णवचा नोव्हेंबर.
कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याच्या काचेत माझ्या अक्षरातलं कार्ड :
खोली भाड्याने. शांत घर. बसथांबा जवळ.
आला तोही बस चालवणाराच.
गणवेशात, टोपी काखेत,
बूट पुसून पायपुसण्याच्या अलीकडेच उभा.
मिस्टर पिनॉक.
मी दार चार बोटं उघडलं, साखळी तशीच,
चेहरा पाहिला
आणि सांगून टाकलं, जागा गेली.

जागा कुठे जाते?
वरच होती ती, जिन्याच्या डाव्या हाताला,
धुतलेली चादर घालून.
कार्ड काचेत आणखी तीन आठवडे.
तो रोज त्याच काचेवरून बासष्ट नंबर न्यायचा.
मी चढले की "मॉर्निंग", सगळ्यांना म्हणायचा तसंच.
सुटे पैसे चोख.

त्याआधी पाचच वर्षं, याच गावात,
एका बाईनं पडद्याआडून आम्हाला हेच सांगितलं होतं.
ती गोष्ट मी किती वेळा सांगितली!
मंडळाच्या संक्रांतीला, मुलीच्या लग्नात,
पडदा कसा हलला ते हातानं करून दाखवत.
लोक चुकचुकायचे. मला ते आवडायचं.

आणि त्याच्याही आधी, साताऱ्याला,
आई भाडेकरूंना आधी पाणी द्यायची,
मग गोड आवाजात, "आडनाव काय म्हणालात?"
आणि मग जागा जायची.

यंदा जेवताना पहिल्यांदा दुसरी गोष्ट सांगितली.
वाढप थांबलं.
सौमित्र म्हणाला, "मावशी, तेव्हा सगळेच तसे होते."
सगळेच.
काय ऊबदार शब्द आहे, हनुवटीपर्यंत ओढून घ्यावा असा.

रात्री वाक्यं करून पाहिली.
चूक झाली. होते, जशी सर्दी होते, संध्याकाळ होते.
माझ्याकडून चूक झाली. म्हणजे मी नुसती पोस्टमन.
मी चूक केली. जवळ आले,
पण 'केली' चालतं चुकीच्या मागे,
नवरा असता तरी 'केली'च म्हणाला असता.
मी खोटं बोलले.
इथे क्रियापद वळलं आणि
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
लपायला एक काना उरला नाही.

ते घेऊन गेले पिनॉकांकडे.
बसमध्ये मराठीत म्हणत गेले, इंग्रजीत फार सहज निघालं असतं.
निवृत्त झालेत. भाजीच्या वाफ्यात
घेवड्याला काठ्या बांधत होते, सुतळी दातांत.
पूर्ण ऐकून घेतलं.
"निळं दार?"
"नाही, हिरवं."
"हिरवं..." त्यांनी खरोखर आठवून पाहिलं.
"नाही. निळं आठवतं. आणि ते कुत्रा सोडणारं."
मग पुढच्या काठीकडे वळले.

सुतळी धरू का, विचारणार होते.
नाही विचारलं.
घेवडा काही माझ्या समाधानासाठी लावलेला नव्हता.

वरची खोली परत रिकामी आहे.
काल कार्ड लिहिलं. आज फोन आला,
नाव माझ्या जिभेला अवघड, आवाज तरुण.
आणि तीस वर्षांनंतरही
जीभ आपणहून दातांमागे जाऊन उभी राहते,
ज म्हणायला.

उभी आहे, हे मला कळतं.
खाली आणते.
विचारते, "बघायला कधी येताय?"